सुरतेत राणी रंग राखाडी झाला त्याची गोष्ट

बॅग अजून उघडलेली नाही, आई जेवायला हाका मारतेय, पण हे आधी टाइप करते. उद्यापर्यंत थांबले तर पोट फुटेल.

तर मी अमळनेरहून सुरतेला गेले ते माझी मावसबहीण मंदाताई हिच्या साड्यांचे व्हिडिओ काढायला. ताई सुरतेतल्या नवागामला राहते. दाजी, म्हणजे तिचे मिस्टर, लूमवर कामाला. ताईने यंदा पहिल्यांदाच स्वतःचा माल उचललाय, राणी रंगाच्या साड्यांचा अख्खा गठ्ठा. आखाजीला (अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात तो सण) गावाकडच्या बायकांना फोनवरून विकायच्या. सण गेला की गठ्ठा घरातच. म्हणून मी आणि माझा नवा कोरा कॅमेरा.

सुरतेच्या अलीकडे उधना स्टेशनवर उतरले तर दाजी मोटरसायकल घेऊन उभे. वाटेत लोचो खाऊ घातला (खमण करायला गेले आणि बिघडला असं दिसतं, वर तेल, कांदा, शेव, लागतो मात्र भारी). खाता खाता मी त्यांना लॉग समजावला. लॉगमध्ये शूट केलं की कॅमेरा ऊन आणि सावली दोन्ही सांभाळतो, पण रंग दाबून ठेवतो. चित्र राखेत लोळवल्यासारखं दिसतं. रंग नंतर कंप्युटरवर उघडायचे.

दाजी म्हणाले, "म्हणजे सुकवलेली मेथी. पाण्यात टाकली की हिरवी."

"हो, तसंच."

"मग ताजीच का नाही आणायची?"

मी अजून शेव मागितली.

नवागामच्या गल्लीत लूमची खटखट कानाआधी तळपायांना कळते. शूटिंग गच्चीवर. ताई साडी नेसून उभी, डोक्यावर कडक ऊन, काठाची जर नुसती पेटलेली. मी तिला स्क्रीन दाखवली आणि तिचा चेहराच उतरला.

"पट्टा कथाईन उनात वं?" (पट्टे कुठून आले गं?) "प्लेन सांगून पट्ट्याची दिली मेल्याने." व्यापाऱ्याला फोन लावत ती अर्धा जिना उतरलीसुद्धा.

"ताई, थांब. ते साडीवर नाहीत. जिथे उजेड जास्त होऊन कपडा पांढरा पडणार, तिथे कॅमेरा तिरपे पट्टे दाखवतो. झेब्रा म्हणतात त्याला."

"मग बसव खाली तुझ्या झेब्र्याला."

मी उजेड कमी केला, पट्टे गेले. ताईने तरी पदर उलटसुलट करून पाहिला.

शूट झाल्यावर क्लिपा दाजींच्या फोनवर टाकल्या, फक्त बघायला, आणि आम्ही दोघी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी टाकायला खाली. पहिली भाकरी फुगते न फुगते तोच ताईचा फोन टिंगटिंग करायला लागला. दाजी हसत आत आले. "माहेरच्या ग्रुपवर सगळ्यांना पाठवून दिलं. उशीर कशाला?"

कच्चं. राखाडी. जसंच्या तसं.

मला वाटलं बायका नावं ठेवतील. तर कुठलं काय, त्यांना आवडलं. "किती सोबर रंग गं मंदे." "असा फिका गुलाबी इकडे मिळतच नाही." अर्धा गठ्ठा बुक. ताई एका हातात फोन, दुसऱ्या हातात भडक राणी साडी धरून बसली आणि मला म्हणाली, "सोने, हा रंग माझ्याकडे नाहीच गं."

"चालसे" (चालेल), दाजी म्हणाले. "घरी पोचल्यावर कोण बघतंय?"

"माहेरच्या बायका आहेत. आखाजीला मला त्यांच्याच शेजारी झोक्यावर बसायचंय. पहिल्याच मालात खोटी ठरले तर पुढे कोण घेईल?"

मी धडाधड रंग दुरुस्त करून क्लिप पाठवली. गावाकडच्या सुलाकाकूंचं उत्तर आलं, "चांगल्या साड्या दुसऱ्या कोणाला देऊन आम्हाला ही भडक का?" मग मी लॉग, दहा बिट, फोर-टू-टू असं सगळं लांबलचक लिहिलं. त्यावर एकीने फक्त नमस्काराचे हात टाकले.

ताई साड्यांच्या घड्या घालून गठ्ठा परत बांधायला लागली, ते मला बघवेना. मग तिच्या देवघरातला हळदीकुंकवाचा करंडा दिसला. कुंकू कसं दिसतं हे कुठल्या बाईला शिकवावं लागतं? मी तो साडीवर उघडा ठेवला आणि क्लिप दोनदा पाठवली, आधी कच्ची, मग दुरुस्त केलेली. कच्चीत कुंकू म्हणजे विटेचा भुगा आणि हळद म्हणजे शिळं पिठलं.

सुलाकाकू लगेच, "अगंबाई, कुंकवाला काय झालं?" दुसरी क्लिप बघून, "बरं. म्हणजे कॅमेराच आजारी होता."

तिथून गाडी वळली. काहींनी नको म्हटलं, पण ज्यांना फिका रंग आवडला नव्हता त्या आता मागायला लागल्या. मी निघेपर्यंत गठ्ठ्यातली फक्त बांधायची चिंधी उरली होती. सुलाकाकूंची मुलगी तेवढी अडून बसली, मला राखाडीच पाहिजे. ताईने तिला व्हॉइस मेसेज पाठवला, "बाई, घे. रोज नेस, रोज उन्हात वाळव. पुढच्या आखाजीपर्यंत तोच रंग देईल ती." आणि तिने खरंच घेतली.

परत येताना गाडीत मी सगळ्या क्लिपा पुन्हा पाहिल्या. खरं सांगू, कच्चीतली ती साडी मलाही जास्त आवडतेय, पण हे ताईला सांगायचं नाही. तुमच्या घरच्यांनी कधी तुमचं अर्धवट काम असं पुढे पाठवून दिलंय का? आणि लोकांना नेमकं तेच आवडलं, असं झालंय का कोणाचं?