बसलेलं गिऱ्हाईक

त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. घरं विकून देणारा एजंट म्हटला की वणवण आलीच, पण हा गृहस्थ चहासुद्धा उभ्याने प्यायचा. न्हाव्याच्या खुर्चीत मान स्थिर ठेवील तर शपथ. खिशात कायम कुणाच्या तरी घराच्या चाव्या असायच्या आणि बोलता बोलता त्या खुळखुळवायची त्याला खोड होती. बायको म्हणायची, तुम्ही आलात हे मला दारावरून नाही, खिशावरून कळतं.

धंद्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. घर दाखवायची त्याची एक ठरलेली रीत होती. आधी सगळ्यांत अंधारी खोली, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, आणि घरातली सगळ्यांत चांगली जागा शेवटी. तिथे आधीच एक खुर्ची आणून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला सहज म्हणायचं, दमला असाल, जरा टेका. माणूस टेकला की त्याच्या डोक्यात सामान लागायला लागतं, पलंग इथे, कपाट तिथे. बसलेलं गिऱ्हाईक घर घेतंच, असं तो जेवताना बायकोला ऐकवायचा. तिला ते आता तोंडपाठ झालं होतं.

ती शिवणकाम करायची. तळमजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात रस्त्याकडच्या खिडकीला लागून तिचं मशीन होतं. लांबीला जास्त झालेली पँट खिडकीतूनच आत यायची आणि आखूड होऊन खिडकीतूनच बाहेर जायची. तिथला उजेड असा, की सुईत दोरा ओवायला तिला चष्मा लागायचा नाही. या खिडकीने मला जगवलंय, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

गावभर घरं विकणाऱ्याने स्वतःचं घर का घेतलं नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडायचा. गाठीला पैसे नव्हते असं नाही. पण प्रत्येक घराची खोट याला आधीच माहीत. इथे पाणी चढत नाही, तिथे शेजारी भांडखोर. बायकोने बरीच वर्षं विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं.

अशात एक दिवस घरमालक आले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, सरळमार्गी म्हातारे गृहस्थ. लेकीकडे कायमचं राहायला चालले होते. बायको दोरे आणायला बाजारात गेली होती. घरमालक म्हणाले, घर विकायला काढायचं आहे, पण आधी तुम्हाला विचारतो, तुम्हीच घ्या.

भिंगरीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण मन त्याचं असलं तरी तोंड धंद्याचं होतं. घर घेताना आधी नाकं मुरडायची, हे त्याच्या जिभेला इतकं वळण पडलेलं, की ती आपोआप सुरू झाली. मागच्या भिंतीला ओल येते. न्हाणीघराचा उतार उलटा आहे. धुरळा तर विचारू नका. ही भाव पाडायची भाषा कुठल्याही एजंटाला कळली असती. गणिताच्या मास्तरांना ती कळली नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"इतकी वर्षं एवढा त्रास काढलात आणि कधी बोलला नाहीत," ते म्हणाले. "मग मी आग्रह कसा करू? निदान विकून तरी द्या. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

मला घ्यायचंय, एवढंच तर बोलायचं होतं. पण तसं बोललं की आत्ताचं सगळं नाटक होतं असं होणार, तेही या देवमाणसासमोर. तो "बघतो" म्हणाला आणि मास्तर निघून गेले. बायको आल्यावर त्याने सांगितलं की घर विकायला काढलंय. आपल्याला विचारलं होतं, हे मात्र गिळून टाकलं.

तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. रोज ठरवायचा, आज मास्तरांकडे जायचं. त्यांच्या फाटकापर्यंत जायचा, कडीला हात लावायचा आणि कुणीतरी बोलावल्यासारखा घाईने परत फिरायचा. घरी आला की या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. बायको म्हणाली, फरशी झिजेल.

मग त्याने एक डोकं लढवलं. गिऱ्हाइकं आणायची, पण घर उलटं दाखवायचं. आधी खिडकी, शेवटी ओलीची भिंत, आणि तिथूनच बाहेर. खुर्चीवर कापडांचा ढीग. चार गिऱ्हाइकं परत गेली की मास्तर कंटाळून पुन्हा आपल्यालाच विचारतील, मग एका दमात हो म्हणून टाकायचं. गिऱ्हाइकं खरंच परत जाऊ लागली. बायको मशीनवरून बघत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या पडत होत्या.

मग एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर झोपलेलं मूल होतं. भिंगरीने झटपट खिडकी दाखवली, ओल दाखवली आणि त्यांना दाराकडे वळवलं. तेवढ्यात बायको उठली. तिने खुर्चीवरचं कापड उचललं, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि म्हणाली, "दमला असाल. जरा टेका."

भिंगरीच्या खिशातला हात जागच्या जागी थांबला. बाई बसली. खिडकीतून बाहेर बघितलं, मुलाला मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, पलंग इथे लावता येईल.

ती दोघं तडक मास्तरांकडे गेली. दार लागल्यावर बायको म्हणाली, "तुम्हाला झालंय काय? सगळं उलटं दाखवत होतात. आयुष्यभर कमावलेलं नाव जाईल, म्हणून मी मध्ये पडले. माझं काय, मशीन कुठेही चालतं." बोलताना ती खिडकीकडे बघत नव्हती.

मग मात्र त्याला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. ती भांडली नाही, हे त्याला जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, "मला हवंय का, एवढं तरी विचारायचं."

तो चप्पल घालून पळत सुटला. या वेळी फाटक उघडून आत गेला आणि मास्तरांना खरं ते सांगितलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "एकदा सरळ बोलायचं होतंत," ते म्हणाले. "आत्ताच त्या मुलांना शब्द दिला." आणि मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द.

आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं होतं. मग एका सकाळी बायकोने पर्स काखोटीला मारली. "आता मला घर दाखवा," ती म्हणाली. "विकत घ्यायचं. आणि तोंड मिटून दाखवायचं."

त्याने दुसऱ्या मजल्यावरचं एक रिकामं घर दाखवलं. सवयीने आधी अंधारी खोली. तिथे कपाटामागे भिंत फुगली होती. त्याची जीभ वळवळली, पण त्याने ती दातांखाली धरली. मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. शेवटी पुढची खोली. खुर्ची आणायची राहूनच गेली होती. खिडकीचा कोयंडा सैल होता, आणि तो इतका सैल होता की त्याच्याच्याने गप्प बसवेना. "ही खिडकी जरा," असं म्हणत तो मागे वळला.

ती खाली फरशीवर बसली होती. पर्समधून सुईदोरा काढून, उजेडाकडे धरून, चष्मा न लावता ओवत होती. पहिल्यांदा दोरा हुकला. दुसऱ्यांदा आत गेला.

"तुम्हीपण बसा," ती म्हणाली.

भिंगरीने खिशातल्या चाव्या काढून फरशीवर ठेवल्या आणि तो तिच्या शेजारी बसला.