फाईलमधी कोण हाय?

आमचे बडेबाबू संगणकावरची कुठलीही फाईल हलवण्याआधी मॉनिटरवर दोन बोटांनी टकटक करायचे आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारायचे, "आत कोण हाय का?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आखाडा बाळापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ते हेडक्लार्क होते, मी त्यांच्या हाताखाली. ऑफिसातल्या फाईली कॉलेजातल्या कुठल्याही संगणकावरून उघडता यायच्या. एकाने उघडून ठेवलेली फाईल दुसऱ्याने हलवली, की पहिल्याचं काम वाया. म्हणून बाबू टेबलाटेबलाशी जाऊन विचारत. संगणकाला कधी हातही न लावलेल्या शिपाईमामांनाही विचारत. मामा हात जोडून सांगत, "मी भायेरच हाव, बाबू."

बारावीच्या परीक्षा अर्जांचा शेवटचा दिवस होता. विद्यार्थ्यांच्या नावांची यादी जुन्या संगणकावरून नव्यावर न्यायची आणि पाचच्या आत पाठवायची. टकटक झाली. सगळे "न्हाई" म्हणाले. स्क्रीन मात्र म्हणत होता, फाईल वापरात आहे.

बाबू तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. तिथे गावातली मोठी मंडळी चहा पीत बसली होती.

"सर, तुमी फाईलमधी हाव का?"

"मी मीटिंगमध्ये आहे."

"मंग बराबर," म्हणत बाबू बाहेर.

शेवटी ग्रंथपाल मॅडमना फोन लावला. त्या भाचीच्या साखरपुड्याला पुसेगावला निघाल्या होत्या, एसटीत होत्या. "व्हय बाबू, यादी उघडीच राहिली! नावातल्या चुका सकाळधरनं दुरुस्त करून राहिले होते. सेव्ह केलं का, ते काई आठवंना." ग्रंथालयाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

"जुनीच यादी कॉपी करून पाठवून देऊ," मी म्हणालो.

बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या ताटातली भाकरी उचलली. "काहून? मॅडमची दुरुस्ती त्याच्यात येईन का? चुकीचं नाव छापून आलं तर ते लेकरू जलमभर कागदं घेऊन फिरन."

एवढ्यात लाईट गेली. ऑफिसला इन्व्हर्टर होता, ग्रंथालयाच्या संगणकाला मात्र जुनाट बॅटरी. ती टूं टूं करू लागली. आम्ही पळालो. संगणक खिडकीजवळच होता, पण मध्ये गज. हात पोचेना.

मी पडद्याचा रॉड आणला, बाबूंनी छत्री. ठरलं असं, की मी रॉडने कंट्रोल दाबून धरायचं आणि बाबूंनी छत्रीच्या टोकाने एस. छत्री आधी टेकली. एका मुलीच्या नावापुढे चार एस उमटले.

"आरं, ह्या पोरीचा नाग झाला की!"

"बाबू, कंट्रोल!"

"माझा कंट्रोल हाय, तू तुझा दाब!"

तिसऱ्या खेपेला जमलं. यादी सेव्ह झाली आणि मिनिटभरात बॅटरीने मान टाकली.

ऑफिसात येऊन फाईल उघडली. मॅडमच्या सगळ्या दुरुस्त्या जागेवर होत्या. चार एस पुसले आणि पाचला दहा कमी असताना यादी पाठवली. मग बाबूंनी घाम पुसून मॅडमना फोन केला. "पोरायची नावं बराबर गेली. आता बिनघोर जेवा. आन आमच्या वाटचा एक लाडू जास्त खा."

गेल्या उन्हाळ्यात बाबू निवृत्त झाले. निरोप समारंभात फोटोची वेळ झाली, तेवढ्यात नव्या क्लार्कला पासवर्ड सापडेना म्हणून ते गळ्यातला हार खुर्चीला अडकवून आत धावले. फोटोग्राफरला पुढे लग्नाची ऑर्डर होती, तो थांबेना. तो फोटो आता ऑफिसात लावलाय. आम्ही सगळे दोन्ही बाजूंना हसत उभे, मधली खुर्ची रिकामी आणि तिच्या पाठीला झेंडूचा हार.

नवीन आलेला माणूस तो बघून दबक्या आवाजात विचारतो, "कधी गेले?"

"गावाकडं, हट्ट्याला गेलेत," मी सांगतो. "हळदीच्या रानात हायेत."