वासाचा ट्रे

आमगावात माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून फोटोग्राफर भाऊंचा स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक नसतं, तरी ते रोज डार्करूममध्ये जुने काळे-पांढरे फोटो तपकिरी करत बसतात. त्या औषधाचा सडक्या अंड्यांसारखा वास आला की मी भिंतीवर कैची ठोकते. आतून ओरडतात, "बस, हो गया, ताई!"

परवा त्यांनीच मला आत बोलावलं. त्यांच्या गेलेल्या बायकोचा निगेटिव्हएवढा एकच फोटो उरला होता. निगेटिव्ह वाळवीनं खाल्ली होती.

"फिका पडून राहिला, ताई. टोन केला, तपकिरी झाला का टिकते."

पहिल्या ट्रेमध्ये चेहरा पुसला जातो आणि वासाच्या ट्रेमध्ये तपकिरी होऊन परत येतो. चेहरा पुसला गेला. मग आयुष्यभराच्या सवयीनं त्यांचा हात साधे फोटो पक्के करायच्या हायपोकडे गेला आणि कागद त्यात बुडाला.

"भाऊ, वासाचा ट्रे तिकडे आहे ना?"

पुसलेला फोटो हायपोत गेला की परत येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. तरी त्यांनी कागद वासाच्या ट्रेमध्ये घातला आणि ट्रे हलवत राहिले. "थांबा, येऊन राहिली."

बऱ्याच वेळानं त्यांनी तो कोरा कागद नीट धुतला आणि चिमट्यानं दोरीला लावला.

"हात नका लावू, ताई," ते म्हणाले. "ओला आहे अजून."