मी माहेरी जाऊन बसले

आमच्या ह्यांना विसर पडायला लागला तेव्हा आधी चष्मा हरवायचा, मग किल्ल्या, मग शेजारपाजाऱ्यांची नावं. मी म्हणायची, वयच झालंय. डॉक्टर म्हणाले, मेंदू सुकत चाललाय, यावर औषध नाही, सांभाळा. सांभाळतच होते हो. पण चष्म्यासारखी एक दिवस मीसुद्धा हरवेन, हे काही माझ्या मनात आलं नव्हतं.

एका सकाळी बाथरूममध्ये पाणी काढून दिलं आणि सदऱ्याची बटणं सोडायला हात पुढे केला, तर हे अंग चोरून भिंतीला लागले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाहेर व्हा बघू. माझं मी करतो."

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ, ह्यांच्या थोरल्या भावाची बायको. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा तिनंच ह्यांचं खाणंपिणं बघितलं. ती जाऊनही आता किती वर्षं झाली. माझे केस तिच्यासारखे पांढरे झाले, कुंकूही मी तिच्याएवढंच मोठं लावते, त्यामुळे असेल काही. मी म्हटलं, "अहो, मी आहे." तर आणखीनच संकोचले. परक्या बाईनं एकदम अहो म्हटल्यावर पुरुषमाणूस कसा बघेल, तसं बघितलं माझ्याकडे.

मग रोजचं भांडण. मी वाढलेलं जेवेनात, मी दिलेले कपडे घालेनात. एका दुपारी कंटाळून माझ्या तोंडून निघालं, "भावोजी, जेवून घ्या, पोळ्या गार होतात." लग्नाच्या नवऱ्याला भावोजी! माझीच जीभ मला परकी वाटली. पण हे मुकाट ताटावर येऊन बसले, आमटी मागून घेतली. तेव्हापासून मी भावोजीच म्हणायला लागले. आंघोळीला दार अर्धं लोटून बाहेर उभी राहायची, "भावोजी, साबण लावलात का? पाठीला?" आतून "हो वहिनी." अंगाला हात म्हणून लावू द्यायचे नाहीत. ताप आला तरी कपाळाला नाही.

आणि मग विचारायला लागले, "वहिनी, ही कुठे गेली? दिसत नाही." माझे हात कणकेत होते. काय सांगणार? म्हटलं, "माहेरी गेलीय, आपट्याला." ऐकून शांत झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कपाळाला आठी. मग सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात हसत म्हणाली, "काकू, काका म्हणतात तुम्ही माहेरी जाऊन बसलात. मी म्हटलं, मग गच्चीवर पापड कोण वाळत घालतंय?"

मीही हसले. वर आले, दार लावलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिले. माहेरी जाणं वेगळं आणि माहेरी जाऊन बसणं वेगळं. जाऊन बसली म्हणजे नवऱ्याला टाकलं. मी! ह्यांना सोडून भाजी आणायला जायचं तरी जीव मुठीत धरून जात होते मी.

एकदा मी नळाचं पाणी भरत होते, तेवढ्यात दार उघडून गेले. आमची खांदा कॉलनी सगळी पालथी घातली. सापडले पनवेलच्या एस्टी स्टँडवर, एका भाजीवालीजवळ, तिच्या पाटीशेजारी बसलेले. ती म्हणाली, "आजी, ह्यो मानूस तुमचा हाय ना? आपट्याला जातो बोलतंय, बायकोला आनायला. आमी धरून ठेवलाय."

त्या दिवशी पहिल्यांदा मला आशा वाटली बघा. म्हटलं, हे मला आणायला निघालेत, म्हणजे मी ह्यांच्या आत कुठेतरी आहे अजून. मग आपट्यालाच नेऊ. लग्नानंतर न्यायला यायचे तेव्हा जिथे बसायचे, त्याच ओटीवर बसवू. तिथे मला बघितलं की ओळख पटेल. मी मनाशी अगदी धरूनच चालले होते.

गेलो. भाऊ म्हणाला, "या भावोजी." आत भावजयीनं तिची चांगली साडी मला नेसवली, केसांत अबोली माळली. म्हणाली, "वन्सं, आज ओळखतीलच." मी चहा घेऊन बाहेर आले. ह्यांनी मान वर केली. मी कप पुढे केला.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? हिला पाठवा ना बाहेर."

भाऊ अंगणाकडे तोंड करून बसला. हे काही उठेनात, तिला घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. शेवटी भाऊच म्हणाला, "भावोजी, राहू द्या तिला आणखी चार दिवस. मी आणून सोडतो." सासुरवाडीला वाद घालायचा नाही, एवढं ह्यांना बरं लक्षात होतं! उठले. चप्पल घातली आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "अगं, येतो मी!"

मी शेजारीच उभी होते. पण हे दाराकडेच बघत थांबले. मग मी आत गेले, दाराआड उभी राहिले आणि म्हटलं, "या. सावकाश जा." फटीतून दिसत होतं. चेहरा असा उजळला ह्यांचा! कितीतरी दिवसांनी माझा नवरा मला दिसला. मी धावत बाहेर आले.

"चला वहिनी," हे म्हणाले, "एस्टी चुकेल."

एस्टीत बाकाच्या कडेला अंग आखडून बसले, मधे वीतभर जागा सोडून. म्हणाले, "आवाज ऐकलात ना तिचा? ठणठणीत आहे. मग येत का नाही? तुम्ही समजवा. सांगा, तिच्याशिवाय माझं काही जमत नाही."

उभ्या संसारात असं कधी बोलले नव्हते. आता बोलले, ते वहिनीला. मी म्हटलं, "सांगते."

स्टँडवर उतरताना पायरी उंच म्हणून मी हात पुढे केला. ह्यांनी दांडी धरली.