वजन कमी करा, रफीकभाई

नवं मागचं चाक मी जोर लावून फ्रेममध्ये कोंबलं आणि फिरवलं. ते डाव्या ब्रेकला जाऊन चिकटलं. उजवीकडे मात्र बोट जाईल एवढी फट.

"काय झालं, सुमनताई?" रफीकभाईंनी स्टुलावरून विचारलं.

"काही नाही. चहा प्या तुम्ही."

शनिवारची दुपार होती. रविवारी पहाटे रफीकभाईंना इथूनच सायकलवर घाट चढून चिखलदऱ्याला जायचं होतं. वय सत्तर, धंदा शिंप्याचा, गाव अकोला. तरुणपणी ते दोनदा निघाले होते. दोन्ही वेळा घाटात मागचा ऍक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा, तुटला आणि ते सायकल ट्रकमध्ये टाकून परत आले. आता मुलीनं नवी चाकं घेऊन दिली होती. जुन्या चाकाला मागे सहा दाती-चकत्या, नव्याला दहा. नव्यातली सगळ्यात मोठी चकती पायाला हलकी, म्हणजे चढ सोपा. ती चाकं बसवायला ते पहिल्या गाडीनं अमरावतीला माझ्या दुकानात आले होते.

जुन्या रेसिंग सायकलला नवी चाकं लावताना दोन गोष्टी आडव्या येतात. जुनी चाकं सत्तावीस इंची, नवी सातशे मिलिमीटरची. नाव मोठं, चाक जरासं लहान. ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली घ्यावे लागतात. ते मी घेतले. दुसरी अडचण रुंदीची. या फ्रेमच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये जागा एकशे सव्वीस मिलिमीटर, नव्या चाकाला हवी एकशे तीस. स्टीलची फ्रेम असली तर ती बेतानं फाकवता येते. ऍल्युमिनियमची असती तर मी हातही लावला नसता.

पण चाक एका बाजूला का जातंय? मी आधी चाकालाच शिव्या घातल्या. "हे ऑनलाइनचं सामान म्हणजे..." मग चाक काढून गेजवर मापलं. रिम अगदी मधोमध. चाक उलटं घालून पाहिलं. तरीही डावीकडेच.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. पाना उचलला, ठेवला. उगाच पंख्याचा स्पीड वाढवला.

"बसा ना जराशा," रफीकभाई म्हणाले. "मले पाहूनच दम लागून राहिला."

शेवटी मी दोरी काढली. मागे ऍक्सल बसतो त्यातल्या एका खाचेत बांधायची, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायची. मग सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडे दोरी किती लांब आहे ते मोजायचं. सरळ फ्रेममध्ये आकडे सारखे येतात. इथे उजवीकडे अठ्ठावीस मिलिमीटर आले आणि डावीकडे बत्तीस.

म्हणजे कोणीतरी ही फ्रेम आधीच फाकवली होती, तीही एकाच बाजूनं ओढून! खाचा तिरक्या झालेल्या. तिरक्या खाचेत आवळलेला ऍक्सल रोज थोडा थोडा वाकतो आणि चढावर जोर पडला की तुटतो.

"कोण्या गाढवानं केलं हे काम?" मी ओरडलेच. "नाव सांगा मले त्याचं!"

रफीकभाई कपात पाहत राहिले. "नाव घेणं बरं नाई दिसत, ताई."

"काहून? घाबरता का त्याले?"

"घाबरत नाई. पन या सायकलीले तुमच्याशिवाय कोनी हातच नाई लावला."

मी जुनं मागचं चाक उचललं. व्हॉल्व्हशेजारच्या स्पोकच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. चाकाचा आऊट काढताना, म्हणजे वाकडेपणा घालवताना, सुरुवात कुठून केली ते कळावं म्हणून मी तसा ठिपका द्यायचे. चाळीस वर्षांपूर्वी, अमरावतीला येण्याआधी, अकोल्यात वडिलांच्या दुकानात मी चोवीस वर्षांची कारागीर होते. हाताला ग्रीस, नखाला लाल रंग आणि डोक्यात हवा, तीही टायरपेक्षा जास्त. बाबा म्हणायचे, "सुमन, दोरी लाव." मी म्हणायचे, "दोरी म्हाताऱ्यांनी लावावी. माझ्या डोळ्यातच लेव्हल आहे."

त्या लेव्हलनं मी हीच फ्रेम सहा चकत्यांसाठी फाकवली होती. चाक एकीकडे बसलं, तर फ्रेम सरळ करायचं सोडून स्पोक ओढून रिमच सरकवली. दिसायला सगळं मधोमध. वाकड्या फ्रेमला वाकडं चाक, चाळीस वर्षं सुखाचा संसार. सरळ चाक आलं आणि भांडं फुटलं.

इथवर मी निभावून नेलं असतं. पण मला आठवलं की ऍक्सल तुटल्यावर हा माणूस दोन्ही वेळा माझ्याकडेच आला होता. तेव्हा तो सुईसारखा बारीक होता. आणि मी कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, "रफीकभाई, वजन कमी करा."

"तुमी म्हनलं तवापासून," रफीकभाई शांतपणे म्हणाले, "मी ईदले शिरखुर्म्याची दुसरी वाटी घेतली नाई."

"चाळीस वर्षं?"

"बायको म्हने, घ्या ना. मी म्हनो, ऍक्सल तुटते."

मला हसू आलं आणि त्याच वेळी तोंड लपवावंसं वाटलं. मी सरळ सांगितलं, "चूक माझी. तुमचं वजन कधीच जास्त नव्हतं. आणि आता ही परत सरळ करताना जोडापाशी चीर गेली तर फ्रेम भंगारात जाईल. उद्याचं जाणंही गेलं. करू का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "करा. पन दोरी लावून."

जाड फळीच्या टोकानं उजवी दांडी बाहेर दाबायची, सोडायची, दोरी लावायची, मोजायचं. स्टील हट्टी असतं. दोन बोटं दाबावं तेव्हा नखभर सरकतं. दर दाबाला फ्रेम करकरायची आणि रफीकभाई डोळे मिटायचे. डावी दांडी एक मिलिमीटर आत घेतली. नवव्या खेपेला दोन्हीकडे आकडे सारखे आले. जोडांवर बॅटरी मारून पाहिलं. रंगाचे दोन पापुद्रे सुटले होते, चीर नव्हती. खाचा समोरासमोर आणल्या. नवं चाक हातानं अलगद बसलं आणि फिरलं, कुठेही न चिकटता.

निघताना ते म्हणाले, "आमी बी करतो असं. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला का कोटात कापूस भरतो."

"म्हणजे माफ केलं?"

"कापूस आमी बी भरतो, ताई. पन खांदा मोडून भरत नाई."

रविवारी मला दुकान बंद असूनही चैन पडेना. फोन तीनदा चार्जिंगला लावला. दुपारी चारच्या सुमारास तो वाजला.

"वर पोचलो. रबडी खाऊन राहिलो."

"ऍक्सल?"

"हाय जागेवर. थांबा, दुसरी वाटी आली."

आणि फोन ठेवला.

तेव्हापासून माझा नियम आहे. चाक बसत नसेल तर शिव्या देण्याआधी फ्रेमला दोरी लावावी. आणि गाढव कोण, हे गिऱ्हाइकाला कधीही विचारू नये.