बैलानं नाकारलेली पुरणपोळी

जुन्या पिठाचा कुबट वास आला की मला साठच्या दशकातला नागपूरचा तो पोळा आठवतो आणि अजून डोकं तापतं. रेशनवर तेव्हा अमेरिकेचा कुबट वासाचा लाल गहू मिळायचा. आईनं त्याचीच पुरणपोळी केली होती. संध्याकाळी पोळा फुटला आणि गल्लीतला गाडीवान आपली सजवलेली बैलजोडी घेऊन दारात आला. आईनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, नैवेद्य पुढं धरला. बैलांनी पोळी हुंगली आणि माना फिरवल्या. वर्षाच्या सणाला बैल दारातून उपाशी गेले! आमचे घरमालक कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. ते ओट्यावरून हसत म्हणाले, "वहिनी, तीस सालच्या मंदीत भाव पडले तेव्हा त्या अमेरिकन लोकांनी कोळशापेक्षा स्वस्त म्हणून मका चुलीत जाळला होता. आता उरलेलं आपल्याला पाठवतात, हे उपकारच समजा." आई गर्रकन वळली. "उपकार? व्हिएतनामवर बॉम्ब टाकून राहिले म्हणून आपला देश बोलला, तं गव्हाची जहाजं रोखून धरतात. पेपर मीबी वाचते, भाऊजी! हे काहून नाही शिकवत पोराईले?" तिनं ताट त्यांच्यापुढं आदळलं. "बैल खात नाही, तुम्ही खा!" त्यांनी हात लावला नाही. रात्री तीच पोळी आईनं आम्हाला वाढली, कारण घरात दुसरं पीठ नव्हतं. आजही कुणी त्या देशाच्या दानतीचे गोडवे गायला लागलं की माझ्या तोंडात त्या घासाची कुबट चव येते. बैलांना मान फिरवता आली. आम्हाला नाही.