माळ जुळवणारे साडूभाऊ

उद्या खुद्द ब्रह्मदेव दारात उभा राहिला, तरी "आधी ओळख पटवा" म्हणणारा माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा! दिवसा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात, हौसेनं, जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची पॅकेजं सांभाळणं, हा त्यांचा संसार. नवी आवृत्ती आली की तिच्या मूळ फायलीतून आकड्या-अक्षरांची एक लांबलचक माळ काढायची आणि लेखकाने जाहीर केलेल्या माळेशी ताडून पाहायची. एक अक्षर हुकलं तरी फाइल बाद! ही खोड अंगात इतकी मुरली आहे, की सासूबाईंनी एकदा नव्या नंबरवरून फोन केला, तर म्हणाले, "आधी सांगा, माझ्या लग्नात पंगतीत काय सांडलं होतं?"

"कढी," सासूबाई म्हणाल्या.

"अन् कोणाच्या अंगावर?"

जावई नसते, तर त्या माउलीनं फोनमधूनच लाटणं फेकलं असतं.

एटापल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत अल्बमचा जुना प्रोग्राम सारखा बंद पडायला लागला आणि नवा साडूभाऊंच्या तपासणीत अडकलेला. शेवटी चंद्रपूरच्या एका दोस्तानं तो कुठून तरी मिळवून पेनड्राइव्हवर धाडला. कसा टाकायचा, हे विचारायला साडूभाऊंना फोन केला, तर म्हणे आधी त्या फायलीची माळ काढून मला वाचून दाखवा. वाचली.

"भाऊ, मेळ लागून नाई राह्यला. टाकू नका."

"काऊन?"

"काऊन ते मले नाई मालूम. पण टाकू नका."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, एक पोरगी लग्नाचा अल्बम न्यायला येणार होती. लग्नानंतर तिचा बाप गेला, आणि त्याचे हसतानाचे फोटो साऱ्या जगात फक्त माझ्या कॉम्प्युटरवर. "दुनियेत तुमीच एकटे शहाणे का?" मी ओरडलो.

"शिव्या द्या. मी येतो."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आले की हो! सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांच्या धुळीनं नखशिखान्त लाल होऊन, खिशात तपासलेली खरी फाइल घेऊन. ते तोंड धूत होते, तेवढ्यात दोस्ताचा फोन आला. त्यानं तीच पेनड्राइव्हवरची फाइल टाकली होती आणि त्याचे झाडून सारे फोटो कुलूपबंद झाले होते, वर खंडणीची मागणी. मला इतकं हायसं वाटलं, की ओल्या तोंडासकट साडूभाऊंना मिठीच मारली.

खरी फाइल टाकून दिवसभरात अल्बम तयार केला, आणि संध्याकाळी पोरगी आली. बापाच्या फोटोवर हात ठेवून रडली, मग हसली, आणि "जय सेवा, भाऊ" असा गोंडी नमस्कार करून अल्बम छातीशी धरून गेली. कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या माणसाकडे तिचं लक्षही नव्हतं.

"तिले सांगाले पाहिजे होतं," मी म्हटलं.

"काय सांगता?" साडूभाऊ म्हणाले. "काई झालंच नाई तं."

शेवटच्या एसटीनं ते परत गेले. काहीच न होऊ देणाऱ्या माणसाचे आभार कसे मानायचे, हे काही मला सुचलं नाही. गाडी दिसेनाशी होईस्तोवर मी नुसता हात हलवत राहिलो.